‘रुग्ण सहकार्य करत नाही’

(संघटनेच्या आरोग्य शिबिरात एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक छोटं काम देते. बसल्या जागीच करायचं. ब्राचा हूक लावताना नेतो तसा उजवा हात पाठीमागे न्या. अंगठा पाठीच्या कण्यावरून जेवढा वर सरकेल तेवढा सरकवा. दुखलं तर थांबा. आता डावा हात. ज्यांचा एखादा हात कमरेच्या वर गेलाच नाही त्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार होते. पण ज्यांचा हात मागे जात नाही त्यांचा बहुधा वरही जात नाही. तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणा. (हशा.)

बरेच ‘हो’ आले. आणि यातल्या निम्म्या जणींनी तरी हे घरात कुणाला सांगितलेलं नसेल. हूक पुढे लावायचा आणि मग फिरवून मागे न्यायचा, वेणी मुलीकडून घालून घ्यायची, माळ्यावरचा डबा स्टुलावर चढून काढायचा, दोरीवर कपडे टाकायला काठी घ्यायची. अशा युक्त्या करत आपण वर्ष-दोन वर्षं काढतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, तर दुसऱ्या कुशीवर झोपतो. पोळ्या अडल्या, की मग डॉक्टरकडे जातो.

मी गेली एकतीस वर्षं एका सर्वसाधारण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. खांदे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग. आज मी तुम्हाला खांद्यांवर झालेल्या संशोधनाबद्दल सांगणार आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओपीडीत एक बाई आल्या. वय अठ्ठेचाळीस, सहा घरी पोळ्यांचं काम. उजवा खांदा दुखत होता. एका खाजगी दवाखान्यात एमआरआय झाला, ‘हाड घासतंय, तासून घ्या’ असं सांगितलं गेलं, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. बचत गटाचं कर्ज निघालं, वर पाटल्या गहाण. ऑपरेशननंतर व्यायामासाठी त्या आमच्याकडे आल्या. दोनदा आल्या आणि तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. मी त्यांच्या केस पेपरवर लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. असं आम्ही रोज लिहितो. त्यात आपण काही वावगं करतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही.

सात-आठ महिन्यांनी त्या मला मंडईत भेटल्या. पिशवी डाव्या हातात, उजवा अंगाशी धरलेला. मी जरा रागावूनच विचारलं, “का हो मावशी, व्यायामाला आला नाहीत?” त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्याकडे यायचं म्हणजे दोन घरांची कामं बुडतात. लागोपाठ चार दिवस बुडाली तर ते दुसरी बाई बघतात. घरी करायचं म्हटलं, तर मी भिंतीशी हात लावून उभी राहिले की सासूबाई म्हणतात, ऑपरेशनला एवढे पैसे गेले, आता आणि ही काय नाटकं? आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात मी लाटणं हातात घेतलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही रागावाल म्हणून.”

मी घरी आले आणि त्या रात्री मला त्या चार शब्दांची लाज वाटली. कोणी कोणाशी सहकार्य केलं नव्हतं? मालकिणींनी सुट्टी दिली नव्हती. घरानं अर्धा तास दिला नव्हता. ऑपरेशन सुचवणाऱ्यानं पुढच्या सहा महिन्यांत काय करावं लागेल ते सांगितलं नव्हतं. आणि मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. पण कागदावर नापास कोण झाली? ती बाई.

कॉडमनची वही

आमच्या अभ्यासक्रमात खांद्याचा पहिला व्यायाम शिकवतात तो झोक्याचा. वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलवायचा. त्याला आम्ही कॉडमनचा व्यायाम म्हणतो. हे डॉ. अर्नेस्ट कॉडमन अमेरिकेतले, बॉस्टनचे. १९३४ साली त्यांनी खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे गोठलेला खांदा हा शब्दही त्यांनीच रूढ केला. हे सगळं आम्ही पाठ केलं. पण या माणसाची दुसरी गोष्ट मला कॉलेजात कुणी सांगितली नाही.

कॉडमन यांचं म्हणणं असं, की रुग्णालयानं प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करायचा, वर्षभरानं विचारायचं की उपचाराचा उपयोग झाला का. झाला नसेल, तर का नाही ते लिहायचं आणि सगळ्यांना वाचू द्यायचं. सहकारी डॉक्टरांना हे अर्थातच मानवलं नाही. कॉडमन यांनी १९११ साली स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. पाच वर्षांत ३३७ रुग्ण घरी गेले आणि त्यांच्या उपचारात आपल्याकडून झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःच नोंदवून छापल्या. व्यवसायात त्यांना याची किंमत मोजावी लागली. पण ‘शेवटी रुग्णाचं काय झालं?’ हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

आज ज्याला वैद्यकीय संशोधन म्हणतात, त्याच्या मुळाशी हा एवढाच प्रश्न आहे. तो मोठ्या संख्येनं, पद्धतशीर आणि कुणाच्या मताला न भुलता विचारायचा.

हाड तासण्याची कहाणी

आता त्या मावशींच्या ऑपरेशनकडे येते. खांदा कसा असतो? लहानशा बशीवर मोठं लिंबू ठेवावं तसा. म्हणूनच तो शरीरातल्या इतर कुठल्याही सांध्यापेक्षा जास्त फिरतो आणि म्हणूनच तो जागेवर राहायला स्नायूंवर अवलंबून असतो. चार छोटे स्नायू त्या गोळ्याला बाहीच्या कफसारखे गुंडाळून धरतात. त्यांच्या वर खांद्याच्या हाडाचं छत असतं.

न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स नीअर यांनी १९७२ साली मांडलं, की हात वर करताना हे स्नायू त्या छताला घासतात, म्हणून दुखतं. तेव्हा छत खालून थोडं तासलं की जागा होईल. ऐकायला अगदी पटण्यासारखं. सुताराचं काम. दार घासतंय, रंधा मारा. पुढे दुर्बीण आली, टाके लहान झाले, आणि जगभर ही ऑपरेशनं भराभर होऊ लागली. बऱ्याच जणांना बरंही वाटलं.

पण बरं कशानं वाटलं? हाड तासल्यानं, की ऑपरेशननंतर विश्रांती आणि व्यायाम मिळाल्यानं, की नुसते महिने गेल्यानं? हे कळायला ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला. तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१८ साली छापून आला. ३२ रुग्णालयांतले ३१३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटाला भूल दिली, दुर्बीण घातली, आत पाहिलं आणि काहीही न तासता बाहेर काढली. तिसऱ्या गटाला काहीच उपचार दिले नाहीत, फक्त तपासत राहिले. सहा महिन्यांनी सगळ्यांना बारा प्रश्नांची एकच प्रश्नपत्रिका दिली, एकूण गुण ४८.

हाड तासलेल्यांना सरासरी ३२.७ गुण. नुसती दुर्बीण घातलेल्यांना ३४.२. काहीच न केलेल्यांना २९.४. म्हणजे तासणं आणि न तासणं यात फरक नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित पुढे, पण रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवेल एवढंही ते अंतर नव्हतं. त्याच वर्षी फिनलंडमधल्या २१० रुग्णांचा अभ्यास आला. तिथे तिसऱ्या गटाला व्यायाम दिला होता आणि दोन वर्षांनी पाहिलं होतं. निष्कर्ष तोच. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं तज्ज्ञ आणि रुग्ण यांची समिती बसवून स्पष्ट शिफारस छापली, की या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये.

मैत्रिणींनो, ‘ट्रायल’ हा शब्द ऐकला की आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ते योग्यच आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनचे प्रयोग बायकांना पुरती माहिती न देता केले जात होते, म्हणून १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो लढा आपलाच होता. म्हणून मी या खांद्यांच्या अभ्यासात पहिल्यांदा काय शोधलं असेल तर संमती. ‘तुम्हाला तिन्हीपैकी काहीही मिळू शकतं, कदाचित आत काही केलंही जाणार नाही’ हे रुग्णांना आधी सांगितलं होतं आणि त्यांनी विचार करून होकार दिला होता. माणसाला अंधारात ठेवून केलेला प्रयोग आणि त्याला बरोबर घेऊन विचारलेला प्रश्न यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट मला विचाराल, तर पन्नासेक वर्षं पुराव्याशिवाय जी हाडं तासली गेली तोही एक प्रयोगच होता. त्यात संमतीही पुरती नव्हती आणि वहीही नव्हती.

आपल्याकडे हे नवीन नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. काम बुडू नये म्हणून अवयव काढून टाकायचा सल्ला बाईच्या गळी उतरवणं किती सोपं असतं ते आपण पाहिलं. खांद्याचं प्रकरण तेवढं भीषण नाही, पण वाट तीच. दुखणं खरं असतं, कामाची घाई खरी असते, आणि मध्ये कोणीतरी सांगतं, ‘ऑपरेशन केलं की मोकळ्या व्हाल.’

एमआरआयमधल्या ‘फाटलंय’ या शब्दालाही घाबरू नका. पन्नाशी-साठीनंतर, अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांमध्येही स्नायूंची झीज आणि बारीक चिरा पुष्कळ दिसतात. केस पिकतात तसंच ते. मात्र पडून किंवा झटका बसून स्नायू एकदम तुटला, तर ती गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागतो. त्याबद्दल शेवटी सांगते.

माझा स्वतःचा खांदा

आता गोठलेल्या खांद्याबद्दल. मघाशी ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा हाच आजार असणार. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग आखडतं. आधी वेदना, मग ताठरपणा, मग हळूहळू सुटका, असा तो एक ते तीन वर्षं चालतो. चाळीस ते साठ या वयात येतो, बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह असेल तर कितीतरी जास्त. जपानमध्ये त्याला चक्क ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात.

मला एक्कावन्नाव्या वर्षी झाला. मधुमेह आधीपासून होता. मी लोकांना वीस वर्षं जे शिकवत होते ते आता स्वतः करायचं होतं. रोज दोन वेळा, वीस-वीस मिनिटं. ऐका, मी पगारदार, घरी धुण्याभांड्याला बाई, आणि तरी पहिल्या महिन्यात माझे जेमतेम नऊ-दहा दिवस व्यायाम झाले. सकाळी डबे, संध्याकाळी पाहुणे, सासऱ्यांचं पथ्य. मी भिंतीवर बोटं चढवायला लागले की आतून हाक यायची. हे म्हणाले, “तू तर दुसऱ्यांना शिकवतेस, तुला काय अवघड?” तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे केस पेपर उभे राहिले. मी माझ्याच केस पेपरवर काय लिहिणार होते?

ऑपरेशनचा सल्ला मलाही मिळाला. मी एक इंजेक्शन घेतलं, त्यानं काही दिवस साखर वाढली पण रात्रीची झोप परत आली, आणि मग व्यायाम केला. दीड वर्ष लागलं. आजही डावा हात उजव्याच्या मानानं चार बोटं कमी वर जातो. ‘आपोआप पूर्ण बरं होतं’ असं आम्ही सांगतो, ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, हेही यातून कळलं.

पुढे २०२० साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास वाचला. ३५ रुग्णालयं, ५०३ रुग्ण, बहुसंख्य बायका. एका गटाला भूल देऊन खांदा हलवून मोकळा केला, दुसऱ्याचं दुर्बिणीनं आवरण कापलं, तिसऱ्याला इंजेक्शन आणि बारापर्यंत व्यायामाच्या बैठका दिल्या. वर्षानंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. दुर्बिणीच्या गटाला पुढे दुसरे उपचार कमी लागले, पण जे गंभीर त्रास झाले त्यातले बहुतेक त्याच गटात झाले. म्हणजे कुणी ऑपरेशन करूच नये असं नाही. व्यायामानं पुरेसा फरक पडला नाही तर तोही मार्ग आहे. पण ‘ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही’ असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं, तर ते खरं नाही.

म्हाताऱ्या बायकांचं आणखी एक दुखणं म्हणजे मोरीत किंवा उंबऱ्यात पाय घसरून दंडाचं हाड खांद्याजवळ मोडणं. हाडं ठिसूळ झालेली असतात. २०१५ साली अशा २५० रुग्णांचा अभ्यास आला, त्यात चारांत तीन बायका होत्या. अर्ध्यांचं ऑपरेशन केलं, अर्ध्यांचा हात झोळीत बांधून पुढे व्यायाम दिला. दोन वर्षांत दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. प्रत्येक फ्रॅक्चरला हे लागू नाही, पण आईला प्लेट बसवायला जमीन विकण्याआधी ‘झोळीत ठेवून चालेल का?’ एवढं विचारायला काय हरकत आहे?

गुण कशाला मिळतात?

संशोधन वाचताना एक सवय मला संघटनेनं लावली. मोजतोय कोण आणि काय, हे पाहायची. खांद्याची एक जुनी मोजपट्टी १९८७ सालची. शंभरपैकी पंचवीस गुण नुसत्या ताकदीला. पूर्ण गुण हवे तर हात बाजूला धरून पंचवीस पौंड, म्हणजे अकरा किलोहून थोडं जास्त, एवढा जोर लावायचा. चांगल्या धडधाकट बाईचेही त्यात गुण कापले जातात. पुढे बाई-पुरुष आणि वय यांनुसार वेगळे आकडे काढावे लागले. म्हणजे सुरुवातीला खांदा म्हटल्यावर डोळ्यांपुढे कुणाचा खांदा होता ते समजा.

मघाच्या बारा प्रश्नांची पत्रिका त्यापेक्षा बरी. ती रुग्णालाच विचारते. केस विंचरता येतात का, कपडे घालता येतात का, बाजारहाट करता येतो का, रात्री दुखतं का. पण त्यात काटा-सुरी एकाच वेळी वापरता येते का, हाही प्रश्न आहे! आमच्या मावशींसाठी मी माझे प्रश्न केलेत. वीस पोळ्या लाटून होतात का? कळशी कमरेवरून ओट्यावर ठेवता येते का? चादर पिळता येते का? बसच्या वरच्या दांडीला धरता येतं का? आणि एक प्रश्न मी शेवटी विचारते. कुणी हात पिरगळला होता का?

हा प्रश्न मी एकतीसपैकी पहिली दहा-बारा वर्षं विचारला नाही. निखळलेला खांदा, ‘मोरीत पडले’ असं उत्तर, आणि नवरा शेजारी उभा. मी बसवलेला खांदा सांभाळायला शिकवत होते आणि तो पुन्हा निखळत होता. खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळू शकतो हे वैद्यकशास्त्र मला येत होतं. तो घरी कशानं निखळतोय हे मी विचारत नव्हते. आता नवऱ्याला बाहेर बसवूनच तपासते. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती आमच्या खोलीत भिंतीवर लावली आहे, व्यायामाच्या चित्रांशेजारीच.

एकदाच, पण नीट

तुम्ही म्हणाल, ऑपरेशन नको, तर व्यायाम. आणि व्यायामाला तर वेळच नाही. मग बाईनं करायचं काय?

२०२१ साली आलेले दोन अभ्यास इथे माझ्या कामी आले. पहिला ७०८ रुग्णांचा, स्नायूंच्या दुखण्याचा. काहींना सहापर्यंत व्यायामाच्या बैठका दिल्या, काहींना एकच. पण ती एक बैठक तासाभराची होती. नीट समजावून सांगितलेलं, घरी करायचे व्यायाम लिहून दिलेले. वर्षभरात दोन्ही गट सारखेच. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ज्या बाईला मी ‘रोज या’ म्हणत होते आणि रोज सात मिनिटं देत होते, तिला एकदाच तासभर दिला असता तर?

दुसरा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ३९२ बायकांचा. खांदा आखडण्याची भीती ज्यांना जास्त होती अशा. एका गटाला नेहमीसारखी माहितीपत्रकं दिली. दुसऱ्या गटाला ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम सुरू केला. वर्षानं दुसऱ्या गटाचा हात स्पष्टपणे चांगला चालत होता. आणि आपल्याकडे अजून अशा बाईला घरात काय सांगतात? ‘हात हलवू नकोस, टाके उसवतील.’ तर मैत्रिणींनो, सगळ्याच दुखण्यांत ‘काही केलं नाही तरी चालतं’ असं नाही. कुठे थांबायचं आणि कुठे लवकर सुरू करायचं हे संशोधनामुळेच कळतं.

आता माझ्याकडे नवीन बाई आली की मी तिला पूर्ण एक बैठक देते. त्यासाठी रुग्णालयात भांडावं लागलं, अजून लागतं. ती दिवसभरात काय करते ते पहिल्यापासून ऐकते. व्यायाम तिच्या कामांत बसवते. ओट्याला डावा हात टेकून वाकायचं, उजवा सोडायचा, दूध तापेपर्यंत झोका. आंघोळीनंतर पंचा पाठीमागे धरून वरच्या हातानं खालचा ओढायचा. फडताळाच्या दारावर बोटं चढवायची. झोपताना दंडाखाली उशी. व्यायामानं दुखणारच, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत वाढलेलं राहिलं तर कमी करायचं. आणि जमेल तेव्हा मी घरातल्या एका माणसाला बोलावते, बहुतेक वेळा नवऱ्याला किंवा मुलाला, आणि सांगते, “सहा आठवडे पाणी तुम्ही भरायचं. हे औषध आहे, लिहून देऊ का?” काही जण हसतात. काही जण भरतात.

लगेच डॉक्टरकडे कधी जायचं ते लक्षात ठेवा. पडल्यावर हात उचलताच येत नाही, खांद्याचा आकार बदललाय, हात बधिर किंवा थंड पडलाय, तापाबरोबर खांदा लाल होऊन सुजलाय, कुठे गाठ लागतेय, तर थांबायचं नाही. खांदा दुखतोय आणि त्याबरोबर घाम सुटलाय, धाप लागतेय, छाती भरून आलीय, तर ते हृदयाचं असू शकतं, तेव्हा तेल चोळत बसायचं नाही. खांदा आखडला की साखर तपासून घ्यायची. आणि कुणी ऑपरेशन सुचवलं तर विचारायचं: केलं नाही तर काय होईल? दुसरा उपाय काय? केल्यानंतर किती महिने कोणती कामं करायची नाहीत, आणि ती कोण करणार?

हा शेवटचा प्रश्न डॉक्टरला विचारा आणि घरीही विचारा.

मी आता एक वही ठेवली आहे. साधी, दोनशे पानी. येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोन नंबर त्यात असतो आणि वर्षानं मी तिला फोन करते. पोळ्या होतात का? झोप लागते का? ज्यांचं बरं झालं नाही त्यांचंही लिहिते आणि माझं काय चुकलं ते शेजारी. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे वाक्य मात्र त्या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं आहे. लिहायची वेळ आली की मी विचारते, कोणी सहकार्य केलं नाही? आणि ते नाव लिहिते. मालकीण, सासू, नवरा, बसचं भाडं, आमची ओपीडीची वेळ. कधी कधी माझं स्वतःचंही.

त्या पोळीवाल्या मावशींचं नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे. मी त्यांना पुन्हा बोलावलं. त्यांच्या दोन मालकिणींना मी स्वतः फोन केला. एकीनं महिनाभर पगारी सुट्टी दिली, दुसरीनं काम काढून घेतलं. तेही लिहिलं आहे. हात आता डोक्यापर्यंत जातो, त्याच्या वर अडतो. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

तुमच्या गटांतून खांदा दुखणाऱ्या बायकांची अशीच एक वही सुरू करा. वर्षानं आपण पुन्हा भेटू, तेव्हा ती घेऊन या.